साहेबांचे कागद आणि मामांच्या गाठी

तीर्थरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग कागदावरचाच समजावा. आठ अंगांपैकी मान, कंबर आणि उजवा गुडघा ही तीन अंगे गेले चार महिने साहेबांच्या पेट्या हलवून संपावर गेली आहेत. उरलेल्या पाचांनी जेवढा जमतो तेवढा गोड मानून घ्यावा.) इकडे आम्ही दोघी बऱ्या आहोत. आई खडखडीत आहे. रोज सकाळी वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेन्सिलीने काढते आणि मग ते मला वाचायला देते. तुमच्या डाव्या डोळ्याचे ऑपरेशन उत्तम झाल्याचे मामीकडून कळले. आता तिच्या चेहऱ्यावरचे भाव तुम्हाला बसल्या जागेवरून स्पष्ट दिसू लागले आहेत आणि त्यामुळेच उजव्या डोळ्याचे ऑपरेशन तुम्ही लांबवले आहे, हेही तिच्याकडूनच कळले. गुडघा कसा आहे? की जिने चढताना अजून तेल संपलेल्या दारासारखा बोलतो?

फोन सोडून पत्राचा हा प्राचीन मार्ग का धरला, असे तुम्ही विचाराल. कारणे दोन. एक तर साहेबांच्या कागदांचा विषय निघाला की तुमच्या कानातल्या यंत्राची बॅटरी नेमकी संपते. (मामीशी बोलताना संपते ती वेगळी, तिची मला सहानुभूती आहे.) आणि दुसरे, लिहिले नाही ते घडले नाही, हे मला लहानपणी तुम्हीच शिकवलेत. तेव्हा जे घडले ते लिहिते. लांबेल. तुम्ही अठ्ठावीस वर्षे एका मंत्र्याचे खाजगी सचिव होतात, लांबलेले वाचायची तुम्हाला सवय आहे.

तुम्हाला आठवत असेल, मी संस्कृत घेऊन एम. ए. झाले तेव्हा तुम्ही मला 'पंडिता' म्हणू लागलात आणि हिला नोकरी कोण देणार म्हणून आईपाशी काळजी केलीत. ती नोकरी मला अभिलेखागाराने दिली. वीस वर्षे मी वाळवीने खाल्लेल्या पोथ्यांच्या कडांवर काय लिहिले असावे याचा विचार करत सुखाने जगले. मग पोथ्यांचा विभाग बंद होऊन त्याचे विलीनीकरण झाले आणि माझ्या टेबलावर आले तुमचे दिवंगत साहेब, म्हणजे त्यांचे कागद. एकशे त्रेचाळीस पेट्या. सातशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाचे अक्षर मला चष्म्याशिवाय लागते; साहेबांचे भिंगातूनही लागत नाही. एका चिठ्ठीवर मी दोन दिवस घालवले. 'राष्ट्रहित' असावे असे वाटत होते, ते 'गरम पाणी' निघाले.

पेट्यांत काय काय आहे, हे तुम्हाला सांगणे म्हणजे आचाऱ्याला स्वयंपाकघर दाखवणे. तरीही सांगते. चाळीस वर्षांची भाषणे आहेत, पण भाषण एकच आहे; गावाच्या नावावर दर वेळी नवी चिठ्ठी चिकटवली आहे. एका प्रतीवर अशा बावीस चिठ्ठ्यांचा थर साचला असून ते भाषण आता टेबलावर सपाट बसत नाही. कुलपे नसलेल्या किल्ल्या एकसष्ट. मानपत्रे तीनशे बारा. त्यांत साहेबांना सूर्य अकरा वेळा म्हटले आहे, सागर नऊ वेळा, आणि दीपस्तंभ इतक्या वेळा की जहाजांनी गोंधळून जावे. (उपमा या अलंकाराची इतकी दैना मी कुठे पाहिली नव्हती. दोन दिवस मला कोणाला कशासारखेही म्हणवेना.) आणि मखमलीच्या डब्यांत, प्रत्येकीवर तारीख कोरलेल्या, उद्घाटनाच्या कात्र्या: एकोणचाळीस. त्या कात्र्यांनीच हे सगळे रामायण घडवले, म्हणून त्यांच्याकडे परत येते.

आमचा नियम असा की कागद कायमचा ठेवायचा तर आधी त्याला मोकळे करायचे. टाचण्या गंजतात, रबर वितळून चिकटते, दोरी कडा कापते. म्हणून सगळे काढून कागद जाड पाकिटात आडवा निजवायचा. हे काम माझ्याबरोबर जतन विभागातले इस्त्रीकाका करतात. (खरे नाव हजेरीपटात असेलच. चुरगळलेला कागद टिपकागदात घालून, वर वजन ठेवून ते असा सरळ करतात की कागदालाही आपण चुरगळलो होतो हे आठवू नये. बोलतात कमी. कागदाला हात लावण्यापूर्वी मात्र त्याला 'हं, बघू' म्हणतात, डॉक्टरसारखे.) आम्ही दोघांनी नऊ दिवसांत सव्वीस पेट्या सोडवल्या. सोडवल्या म्हणजे कापल्या. तुमच्या पांढऱ्या सुती नाड्या कचाकच कापून पोतेभर जमवल्या. आणि दहाव्या दिवशी विभागाची कात्री हरवली.

भांडारपालांकडे नवी मागितली. ते म्हणाले, जुनी जमा करा आणि नवी न्या. जुनी हरवली आहे म्हटले, तर हरवल्याचा दाखला आणा. दाखला देणारे पोलीस म्हणाले, मुळात कात्री होती याचा पुरावा आणा. पुरावा भांडारपालांच्या वहीत, आणि ती वही भांडाराबाहेर जात नाही. मी पोलिसांना भांडारात यायची विनंती केली. ते म्हणाले, बाई, कात्रीसाठी? (ती कात्री पुढे संचालकांच्या खणात सापडली. स्वतःचे नाव छापून आलेली कात्रणे ते तिने कापत होते. तीन वर्षांत त्यांनी दोनदा कापले.)

मग इस्त्रीकाका कधी नव्हे ते आपणहून बोलले. "साहेबांच्या एकोणचाळीस पडल्यात की." संग्रहातली वस्तू कामाला वापरणे हा आमच्या धर्मात मोठा अपराध आहे, पण मी इकडेतिकडे पाहून तेरावा डबा उघडला. सोनेरी मूठ, निळी मखमल. कात्री नाडीवर ठेवून दाबली, तर नाडी नुसती दुमडली. दुसरी घेतली, सातवी घेतली, एकोणचाळिसावी घेतली. एकाही कात्रीला धार नाही! तेव्हा मला एकदम आठवले. मी दहा वर्षांची असताना तुम्ही मला एका जलशुद्धीकरण केंद्राच्या समारंभाला नेले होते. साहेब यायच्या आधी तुम्ही फितीपाशी वाकून काहीतरी ठीकठाक करत होतात, आणि मागाहून शर्टाच्या खिशातले अर्धे ब्लेड मला दाखवून म्हणालात, "साहेबांची कात्री कधी अडत नाही, ती यामुळे." फीत तुम्ही आधीच मागून तीन चतुर्थांश कापून ठेवत होतात. एकोणचाळीस समारंभ, एकोणचाळीस बोथट कात्र्या, आणि एक ब्लेड. सगळ्या राज्याला वाटत होते की कापतात ते साहेब.

असो. कात्री चालेना म्हणून गाठी बोटांनी सोडवायची वेळ आली, आणि बोटांनी सोडवायला घेतल्यावर गाठ दिसते. कापताना दिसत नाही. सत्ताविसाव्या पेटीतल्या पहिल्या गठ्ठ्याला एक गाठ होती. दुसऱ्याला एक. तिसऱ्याला एकावर एक दोन, शिवाय नाडीचे टोक आत खोचलेले. मी हात मागे घेतला. मामा, ती गाठ मला ओळखीची होती. तुमच्या घरी विजेच्या बिलांना ती होती, मामीच्या माहेरच्या पत्रांना होती, माझ्या शाळेच्या वह्यांना होती. (कार्यालयात तुम्हाला गाठोबा म्हणत, हे मला मोठेपणी कळले. शिपाई प्रेमाने म्हणत, असे धरून चालू.)

आणि कपाटावरच्या त्या पुडक्याला होती. तुम्ही विसरला असाल, मी नाही. आठवीत गणितात मला शंभरापैकी एकोणीस पडले. निकालपत्रक घेऊन मी घरी न जाता तुमच्याकडे आले आणि जिन्यात बसून रडले. तुम्ही ते घेतलेत, जुन्या कागदात गुंडाळलेत, तीन गाठी मारून कपाटावर टाकलेत. मी नाक पुसत विचारले, तीन कशाला? तेव्हा तुम्ही सांगितलेत: एक गाठ म्हणजे काम झालं, दोन म्हणजे काम थांबलंय, आणि तीन म्हणजे हे कुणी पाहिलेलं नाही. "कुणी म्हणजे आईनंसुद्धा?" "आईनं तर नाहीच." त्या दिवशी मी आयुष्यातला पहिला सुटकेचा निःश्वास टाकला, आणि गणिताशी कायमचा काडीमोड घेऊन संस्कृताकडे वळले. म्हणजे माझ्या पांडित्याचे मूळ तुमच्या तिसऱ्या गाठीत आहे.

तर मी जागच्या जागी काम थांबवले. सव्वीस पेट्यांतल्या गाठी गेल्या त्या गेल्या. कोणत्या गठ्ठ्याला किती होत्या, आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. तसे मी नोंदवहीत, पान चौदावर, पेनाने लिहिले: 'पेटी एक ते सव्वीस: गाठींना अर्थ होता. तो न ओळखता नाड्या कापल्या. चूक माझी.' खाली सही. संचालक म्हणाले, अहो, असं कोणी लिहितं का? मी म्हटले, म्हणूनच कोणाला काही सापडत नाही. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्याच्या गाठी मोजून, लिहून, मगच पुढे जायचे असे ठरवले.

आता मंगळवारच्या बाई. गेल्या चार महिन्यांत एकही मंगळवार न चुकवता पावणेअकराला या बाई वाचनकक्षात येतात. वय एकोणऐंशी. नदीपलीकडच्या वस्तीत शाळामास्तरीण होत्या. येऊन मागणीचिठ्ठी भरतात, अक्षर असे की चिठ्ठी फाडवत नाही. 'हवे असलेले कागद' या रकान्यात: माझी सतरा पत्रे. 'उद्देश' या रकान्यात बाकीचे वाचक संशोधन, प्रबंध वगैरे लिहितात. बाई लिहितात: मी खोटे बोलले नव्हते. पहिल्या मंगळवारी मी म्हटले, अजून पेट्या लावायच्या आहेत, सहा महिने लागतील. त्या म्हणाल्या, "मी एकोणऐंशीची आहे. लवकर लावा." रागाने नाही, घड्याळात किती वाजले ते सांगावे तसे. मग त्या एकपर्यंत बसतात आणि वेळ जावा म्हणून इतरांच्या पेन्सिलींना टोके काढून देतात. मंगळवारी आमचे संशोधक ताठ बसतात.

त्यांची हकिगत तुम्हाला ठाऊकच आहे, पण पत्रात काही अर्धे ठेवू नये म्हणून लिहिते. नदीवरच्या झुलत्या पुलाचे दोर कुजले होते. बांधकाम खाते साहेबांकडे. बाईंनी दोन वर्षांत साहेबांना सतरा पत्रे लिहिली. एका रविवारी दुपारी पूल कोसळला. वर फक्त एक सायकल होती (सायकलवाला थुंकायला खाली उतरला होता, सवयीने वाचला), पण त्यानंतर चार वर्षे पोरांना नऊ किलोमीटर वळसा पडला. शाळेत एक्केचाळीस मुली होत्या, त्यांतल्या एकोणीस राहिल्या. सभागृहात प्रश्न आला तेव्हा साहेब उठले आणि म्हणाले, एकही पत्र माझ्याकडे आलेलं नाही. बाईंना पत्रं लिहायची हौस असावी, टपालात टाकायची नसावी. सभागृह हसले. वर्तमानपत्रांनी ते वाक्य चौकटीत छापले. बाईंची बदली झाली, आणि पुढे जिथे जातील तिथे 'पत्र न टाकणाऱ्या बाई' म्हणून ओळखल्या गेल्या. एकतीस वर्षे.

गेल्या महिन्यात पेटी क्रमांक अठ्ठ्याऐंशी उघडली. वरून चौथा गठ्ठा. शाळेच्या आखीव वहीच्या पानांच्या कडा बाहेर डोकावताहेत, आणि वर तुमच्या हातची चिठ्ठी: 'झुलता पूल. शाळेच्या बाई. १७.' इस्त्रीकाका म्हणाले, "हं." 'बघू' म्हणाले नाहीत.

मी गठ्ठा सोडला नाही, जसा होता तसा ठेवला. पण आमच्याकडच्या भिंती पेट्यांपेक्षा पातळ आहेत. चौथ्या दिवशी धाकटे साहेब आले. (साहेबांचे चिरंजीव. वडिलांच्या जागेवर उभे राहायचे आहे, म्हणून सध्या सगळीकडे उभेच असतात. खुर्ची दिली तरी बसत नाहीत.) फार गोड बोलले. "ताई, थोडी साफसफाई करून घेऊ म्हणतो." मी म्हटले, सकाळीच झाली, फरशी अजून ओली आहे, जपून. त्यांनी हसून खिशातून यादी काढली. यादीत एकच ओळ होती. "आमच्या घरचेच कागद आहेत हो ते." होते, मी म्हटले, दानपत्रावर खाली सही तुमचीच आहे, आणि अक्षर वडिलांपेक्षा बरे आहे. मग हसू थोडे मागे सरकले. "बाबांना लोक खोटारडे म्हणतील, ते चालेल तुम्हाला?" मी म्हटले, एका बाईंना एकतीस वर्षे म्हणताहेत, ते तुम्हाला चालले.

ते गेल्यावर संचालकांनी बोलावले. मनुष्य वाईट नाही. निवृत्तीला चौदा महिने आहेत आणि डोक्यावरचा पंखा सोडला तर त्यांना आणखी कशावर निर्णय घ्यायची इच्छा नाही. म्हणाले, मधला मार्ग काढू, गठ्ठा 'प्रक्रियेत' दाखवू. किती दिवस? म्हणाले, तीस वर्षे. मी मान हलवली. (मान संपावर असल्यामुळे ती कोणत्या दिशेने हलली हे त्यांना कळले नाही, आणि मी सांगितले नाही.) तिथून थेट खाली आले आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी सार्वजनिक सूचीत पेनाने नोंद चढवली: पेटी अठ्ठ्याऐंशी, गठ्ठा चार, सतरा पत्रे, वाचकांसाठी खुला. वाचनकक्षाच्या दारावर नवीन नोंदींची यादी लागते, तिथेही लावली. एकदा सूचीत चढलेली वस्तू काढायची तर पाच जणांच्या समितीची बैठक लागते. त्या समितीतले दोघे वारले आहेत, एकाला ऐकू येत नाही, आणि उरलेल्या दोघांचा आपसांत बांधावरून दावा चालू आहे. मामा, सरकारी कामाला लोक उगीच नावे ठेवतात. वेळेला तेच धावून येते.

दुसऱ्या दिवशी मला ज्ञापन मिळाले: 'आपल्यावर कारवाई का करण्यात येऊ नये?' तीन दिवसांत खुलासा. मी अकरा पानांचा दिला, परिशिष्टासह. काल तोंडी कळले की मला नकाशांच्या तळघरात पाठवणार आहेत. पाठवू देत. तिथे गारवा असतो, आणि नकाशांना नातेवाईक नसतात. पण माझी बदली झाली तरी नोंदीची होत नाही, आणि मी गठ्ठ्याची जबाबदारी इस्त्रीकाकांच्या नावे लिहून दिली आहे. त्यांना कोणी धमकावू शकत नाही, कारण ते उत्तरच देत नाहीत. धाकट्या साहेबांनी काल पुन्हा माणूस पाठवला होता. इस्त्रीकाकांनी त्याला टिपकागद धरायला लावला.

तर अशी हालहवाल. तुम्ही काळजी करू नका. रागवायचे असेल तर पत्राने रागवा. फोनवर बॅटरी संपेल. माझे एवढेच मागणे आहे की पहिल्या सव्वीस पेट्यांतल्या गाठींपैकी तुम्हाला जे आठवत असेल ते सवडीने लिहून पाठवावे. पान चौदाच्या खाली जागा ठेवली आहे. मामीला नमस्कार. तिने पाठवलेले स्वेटर तळघरात उपयोगी पडेल, तिला आधीच कसे कळले देव जाणे.

तुमची भाची,
पंडिता

ता. क. खरे मागणे वर लिहिले नाही. लिहिताना हात अडला. अठ्ठ्याऐंशीच्या त्या गठ्ठ्याला तीन गाठी आहेत. टोक आत खोचलेले.

धाकटे साहेब घाबरले आहेत, कारण त्यांना वाटते हा गठ्ठा म्हणजे वडील खोटे बोलल्याचा पुरावा. दारावरची यादी वाचून बाईंनाही तसेच वाटते; गाठ सुटेपर्यंत थांबा, असे मी त्यांना सांगितले आहे. तीन गाठींचा अर्थ ठाऊक असलेली इथे मी एकटी आहे: हे कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे साहेब खरे बोलले. पत्रे आली, आणि ती त्यांच्यापर्यंत जाऊ न देणारा माणूस कपाटावर पुडके टाकावे तसे ती टाकून मोकळा झाला. तुम्ही प्रत्येक सत्काराच्या भाषणात सांगता ना, की माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एकही कागद साहेबांपर्यंत गेला नाही? तेच वाक्य मला चार दिवस झोपू देत नाही. माझ्यावर तुमच्या तिसऱ्या गाठीचे उपकार आहेत, मामा, पण ते एक्केचाळीस मुलींच्या वतीने फेडता येत नाहीत. हे मी अजून कोणाला बोललेले नाही. पण सूचीत 'तीन गाठी' लिहून त्यांचा अर्थ गाळणार नाही, हेही आधीच सांगते. तुम्ही रागावलात तरी नाही. गाठ मी सोडणार नाही. सोडली तर पत्रे मीच घुसडली असे म्हणायला लोक मोकळे. ज्या बोटांनी मारली त्याच बोटांनी ती सुटावी, बाईंच्या समोर, आणि काय घडले ते तुमच्या तोंडून त्यांना कळावे. येत्या मंगळवारी या. मी माझी चूक पान चौदावर लिहिली आहे. पान पंधरा कोरे आहे.

ता. क. २. सोमवारच्या दुपारच्या गाडीचे तिकीट मामीकडे आहे. तुमचा सत्कार आहे, एवढेच मी तिला सांगितले आहे. (तिसरी गाठ मलाही मारता येते, असे दिसते. मारल्यावर बरे वाटले नाही.) हे पत्र आधी तिच्याच हाती पडले तर, मामी, माफ कर, आणि यांचा निळा शर्ट इस्त्री कर.

ता. क. ३. पाकीट चिकटवण्यापूर्वी वाटले, दुसऱ्याकडून कबुली मागते आहे तर आपलीही एक राहून गेली आहे. म्हणून आज सकाळी, आई वर्तमानपत्र तपासत असताना, मी तिला अडतीस वर्षांनी आठवीतल्या गणिताचे सांगून टाकले. एकोणीस मार्क, म्हटले. तिने पेन्सिलसुद्धा खाली ठेवली नाही. "अठरा," म्हणाली. "आठाचं नऊ तू वाचलंस रडताना." मी विचारले, तुला कसे ठाऊक? तर म्हणाली, "त्याच संध्याकाळी तुझ्या मामानं निकाल आणून दाखवला होता मला. म्हणाला, अक्का, तू पाहिला नाहीस असं समज. पोरगी आपणहून सांगेल तेव्हा सांगेल. मग मी थांबले." आणि पुन्हा पान उलटले.

म्हणजे तिसऱ्या गाठीचा अर्थ तुम्ही मला जिन्यात सांगितलात तो नव्हताच. पाहिलेले असते, ज्याचे त्याने सांगावे म्हणून तुम्ही थांबलेले असता. मग साहेबांनी ती सतरा पत्रे पाहिली होती का? सभागृह हसत होते तेव्हा तुम्ही वरच्या सज्जात बसला होतात, हे मला ठाऊक आहे. ते आपणहून सांगतील म्हणून थांबलात? घरी सांगायची राहिलेली मी एकटीच होते, म्हणून आईचे थांबणे कोणाला बोचले नाही. तिकडे बाई थांबल्या होत्या. आणि साहेब आता सांगायचे नाहीत.

वरचे ता. क. मी खोडत नाही. लिहिलेले खोडू नये, हीही तुमचीच शिकवण. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला असेन तर पान चौदावर आणखी एक ओळ माझ्या सहीने चढेल. पण कोणती ओळ, ते मला आता फक्त तुम्ही सांगू शकता. साहेबांची फीत या खेपेला मागून कापून ठेवायची नाही, एवढे मात्र बजावते.

मंगळवारी अकरा वाजता. बाई पावणेअकरालाच येऊन बसतात. चष्मा आणा, आणि ब्लेड घरी ठेवा.